जुनं घड्याळ जुनंच राहू द्या

चावीच्या घड्याळांना पुन्हा चांगले दिवस आले आहेत, असं म्हणतात. आमच्या शिक्षक-खोलीतही ही हवा पोहोचली आहे. पंचविशीतला एक सहकारी मधल्या सुट्टीत मोबाईल पुढे करतो आणि एचएमटीचं 'जनता' दाखवतो. मोरपिशी डायल, चकचकीत केस, वर ओरखडा नसलेली काच. "सर, सत्तर सालचं आहे, पण अगदी कोरं!" मी विचारतो, सत्तर सालचं असेल तर कोरं कसं, आणि कोरं असेल तर सत्तर सालचं कसं? तो हसतो आणि तरीही मागवतो. किंमत दोन-अडीच हजार. त्याच्या पैशांनी तो घेतो, मी बोलणारा कोण? पण बोलायला हवं, कारण त्या दोन-अडीच हजारांत एक खरं जुनं घड्याळ संपलेलं असतं. एखादं नव्हे, बहुधा दोन किंवा तीन.

माझं म्हणणं साधं आहे. जुनं घड्याळ दुरुस्त करावं, रंगवू नये. पैसा घड्याळाच्या पोटात घालावा, तोंडावर नाही. आज उलटं चाललं आहे, आणि ज्यांना 'जुन्याची आवड' आहे असे आपण शौकीन लोकच ते चालवतो आहोत.

आधी हे 'कोरं' घड्याळ बनतं कसं ते पाहू. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून बंद घड्याळं किलोच्या हिशेबाने उचलली जातात. ती खोलून डायल वेगळं करतात, मशीन वेगळं, केस वेगळी. डायलवरचा मूळ रंग आणि छपाई घासून किंवा रसायनाने उतरवतात, खाली राहते पितळेची चकती. तिच्यावर हवा तो रंग फवारतात. मूळ डायल पांढरं किंवा काळं असलं तरी नवं निळं, हिरवं, केशरी काहीही होऊ शकतं. मग त्यावर पुन्हा आकडे आणि नाव छापतात. केस बफिंगच्या चाकावर धरतात. ती चमकते, पण कारखान्याने दिलेल्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. नवी प्लास्टिकची काच, नवी चावी, नवा पट्टा. आणि मशीन? ते सगळं जोडलेलं असतानाच पेट्रोलमध्ये बुडवून काढतात, वरून तेलाचा थेंब. दोन-चार महिने चालतं. गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत चाललं म्हणजे झालं.

परदेशातल्या संग्राहकांमध्ये अशा मालाला 'मुंबई स्पेशल' असं नाव पडलं आहे. हे नाव कौतुकाचं नाही. ज्या शहरात वेस्ट एंड वॉच कंपनी आणि फाव्र-ल्यूबासारख्या स्विस घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात आपला व्यापार थाटला, जिथल्या घड्याळजींच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या मान होता, त्या शहराचं नाव आज जगभर रंगवलेल्या डायलसाठी घेतलं जातं. मला त्याचं वाईट वाटतं. मी मुंबईचा नाही, सोलापूरचा, तरीही.

जरा नावांकडे पाहा. फाव्र-ल्यूबाने १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या बाजारात पाय ठेवला आणि आपल्या लोकांनी तिचं 'फेवरलुबा' करून टाकलं. आजही जुनी माणसं असंच म्हणतात आणि तेच मला गोड वाटतं. वेस्ट एंडचं सगळ्यांत गाजलेलं घड्याळ 'सोवार प्रायमा'. सोवार म्हणजे आपला स्वार, फारसीतून उर्दूत आलेला आणि मराठीत घोड्यावर बसून राहिलेला शब्द. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे घड्याळ हिंदुस्थानी फौजेत लोकप्रिय होतं. स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या घड्याळाला असं नाव मिळालं, कारण ते कुणाच्या मनगटावर जाणार हे बनवणाऱ्याला माहीत होतं. असं एखादं घड्याळ खडखडीत पिवळट डायलसह समोर येतं तेव्हा त्या पिवळेपणात शंभर वर्षांची हवा, घाम आणि दमट पावसाळे असतात. ते घासून त्यावर कोरा रंग मारायचा आणि वर 'अँटिक' म्हणून विकायचं, याला मी जतन म्हणू शकत नाही.

आता एचएमटी. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. तोवर आपल्याकडे चांगलं घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ, आणि आयातीवर बंधनं आल्यावर चोरून आणलेलं परदेशी घड्याळ. सोलापुरातल्या गिरणी कामगाराची वेळ गिरणीचा भोंगा ठरवत होता. त्याच्या मनगटावर स्वतःची वेळ आली ती एचएमटीमुळे. 'जनता' हे नाव उगाच नव्हतं. नोकरी लागली की घड्याळ, मॅट्रिक झाला की घड्याळ, लग्नात जावयाला घड्याळ. 'कांचन' तर लग्नाच्या बोलणीतच यायचं. पुढे क्वार्ट्झ आलं. जपानच्या सेइकोने १९६९ च्या डिसेंबरात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आपल्याकडे १९८७ नंतर टायटनने ते घरोघर नेलं. बॅटरीवर चालणारं, अचूक, पातळ. एचएमटी मागे पडत गेली आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. एचएमटीच्या नावाने आजही काही घड्याळं विकली जातात, ती इथे मोजू नका. मी बोलतो आहे ते आपल्या वडिलांच्या, चुलत्यांच्या मनगटावरच्या घड्याळांबद्दल. ती पुन्हा बनणार नाहीत.

आणि म्हणूनच डायल महत्त्वाचं. मशीन लाखांनी बनली, ती एकमेकांना चालतात. 'जनता' आणि 'पायलट' यांच्या पोटात जवळजवळ एकच सतरा ज्वेलचं मशीन सापडतं. फरक आहे तो चेहऱ्याचा. कारखान्याने कोणत्या काळात कोणत्या वळणाचे आकडे छापले, 'एचएमटी' ही अक्षरं कशी बसवली, कोणत्या डायलवर नाव देवनागरीत दिलं, हे सगळं फक्त डायलवर लिहिलेलं आहे. भाषेचा मास्तर म्हणून मला त्या देवनागरी डायलांचं फार अप्रूप आहे. सरकारी कारखान्यातून निघालेली, मनगटावर बांधायची देवनागरी! तारीख-वार दाखवणाऱ्या काही घड्याळांत वारही हिंदीत असतो. एक डायल घासलं की त्या छपाईचा एक पुरावा गेला. हस्तलिखितं संपादित करणारे पाठभेद जपतात, नवा लेखनिक जुनी ओळ खोडून स्वतःच्या मनाने लिहायला लागला तर ते हातात काठी घेतील. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण टाळ्या वाजवतो.

रंगवलेलं ओळखायला भिंग पुरतं, आणि थोडी अक्षरांची सवय. कारखान्याची छपाई बारीक आणि एकसारखी असते. रंगवलेल्या डायलवर अक्षर जाड होतं, कडेला फुटतं, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा ओघळ दिसतो. देवनागरीत तर चोरी लगेच पकडली जाते, कारण छापणाऱ्याला ती चित्रासारखी वाटते, लिपीसारखी नाही. शिरोरेघ एका अक्षरावर जाड, दुसऱ्यावर बारीक. 'न'चा दांडा 'त'ला टेकलेला. माझ्या पाचवीच्या मुलांनी असं लिहिलं तर मी वही परत देतो.

उर्दू आकड्यांची गंमत आणखी वेगळी. हल्ली 'दुर्मीळ उर्दू डायल' म्हणून घड्याळं दाखवतात. उर्दूतला चार आणि अरबीतला चार हे दोन वेगळे आकडे आहेत. अरबी चार उलट्या इंग्रजी तीनसारखा दिसतो, उर्दूतला तसा नाही. मला दाखवलेल्या एका 'उर्दू' डायलवर चक्क अरबी चार होता. विकणाऱ्याला म्हटलं, भाई, हा चार आपला नाही. तो म्हणाला, "सर, गिऱ्हाईक को कहाँ समझता?" मुद्दा नेमका तिथेच आहे. माल विकताना त्यातला ऐब सांगून विकावा, ही आमच्या घराघरात लहानपणापासून ऐकवली जाणारी गोष्ट. ओलं धान्य खाली आणि कोरडं वर ठेवणाऱ्याची कहाणी मदरशातलं पोरही सांगेल. 'डायल रंगवलेलं आहे' हे तीन शब्द जाहिरातीत लिहिले, तर माझी अर्धी तक्रार संपते. ते लिहीत नाहीत, कारण लिहिलं तर अडीच हजारांचे आठशे होतात.

इथे अरबी डायलांवर अन्याय नको व्हायला. खरी अरबी डायलची घड्याळं आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि ती कुठून आली हे कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम घरात विचारा. रत्नागिरी-रायगडची माणसं नोकरीसाठी आखातात गेली, सुट्टीवर येताना सेइको फाइव्ह घेऊन आली. सेइको त्या बाजारासाठी अरबी आकड्यांची आणि अरबी वारांची घड्याळं बनवत असे. ही ऑटोमॅटिक घड्याळं, मनगटाच्या हालचालीवर चालणारी. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना चावी फिरवून कमान भरताच येत नाही, हातात धरून हलवावं लागतं. खिशातून काढलेलं घड्याळ कानाशी नेऊन हलवणारे दुबईवाले मामू ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. या जुन्या सेइकोच्या मागच्या झाकणावर सहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरं स्थान महिन्याचं. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं. म्हणजे मामू कोणत्या सुट्टीत ते घेऊन आले, याचा अंदाजही लागू शकतो. तेही आता रंगवायला जातं, कारण अरबी डायलला ऑनलाईन भाव आहे. घरातली मुलं विकून टाकतात.

आता पोटाकडे वळतो. चावीच्या घड्याळाचं मशीन म्हणजे नेमकं काय करतं, हे कळलं की तोंडाला रंग लावण्यातला फोलपणा आपोआप कळतो. एचएमटी 'जनता'चं बॅलन्स चाक सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला अठरा हजार, दिवसाला चार लाख बत्तीस हजार, वर्षाला पंधरा कोटी शहात्तर लाखांवर. हे चाक ज्या दांड्यावर झुलतं त्याची टोकं जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात आणि ती कृत्रिम माणकाच्या खड्ड्यात फिरतात. सतरा ज्वेल म्हणजे हीच ती माणकं, दागिना नव्हे. त्या खड्ड्यात तेलाचा इतका छोटा थेंब असतो की डोळ्याला दिसत नाही. चार-पाच वर्षांत तो सुकायला लागतो. सुकल्यावरही घड्याळ चालत राहतं, आणि तिथेच माणूस फसतो. कोरडं चालताना पोलादी टोक झिजतं. म्हणून 'चालतंय की!' हे घड्याळाच्या तब्येतीचं प्रमाणपत्र नाही.

नीट सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण खोलायचं. प्रत्येक चाक, पूल, स्क्रू वेगळा. धुवायचं, प्रत्येक ज्वेल टोकदार लाकडी काडीने साफ करायचं, कमानीच्या डब्याला एक तेल, वेगाने फिरणाऱ्या टोकांना दुसरं, पातळ. बाल कमानी, म्हणजे ते केसासारखं वेटोळं, सपाट आणि मध्यावर बसलंय का ते पाहायचं. बाल कमानी हा उर्दू-हिंदी शब्द मला इंग्रजी नावापेक्षा जास्त आवडतो, त्यात तिची नजाकत आहे. ती चुंबकाजवळ गेली की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. हल्ली हे फार होतं, कारण मोबाईलच्या कव्हरला चुंबक, स्पीकरला चुंबक, पर्सला चुंबक. पुष्कळदा 'बिघडलेलं' म्हणून आलेलं घड्याळ चुंबक उतरवलं की मिनिटभरात वठणीवर येतं.

आमच्याकडे हे काम करणारे एक चाचा आहेत. सत्तरी ओलांडलेली, बाजारात एका दुकानाच्या पायरीशी काचेची पेटी, डोळ्याला भिंग. संपूर्ण सर्व्हिसिंगचे चारशे रुपये घेतात, आणि अर्धा दिवस लावतात. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून पाहिलं आहे: लोक अडीच हजारांचं रंगवलेलं घड्याळ घेऊन येतात आणि चारशेंवरून घासाघीस करतात. "चाचा, नुसतं तेल टाका ना, खोलायचं कशाला?" चाचा काही बोलत नाहीत, घड्याळ परत ठेवतात. एकदा मी एकाचं जुनं, डागाळलेलं 'पायलट' घेऊन गेलो होतो. त्याला डायल चकाचक करून हवं होतं. चाचा म्हणाले, "सर, अंदर का काम मैं करतूं, मुँह को हात नक्को लगाओ. उमर है उसकी, दिखने देव." त्यांना संग्रह, वारसा असले शब्द येत नाहीत. पण त्यांच्या या एका वाक्यात मला जे हवं ते सगळं आहे.

युनेस्कोने २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या जुरा पट्ट्यातली यांत्रिक घड्याळांची कारागिरी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चांगलं झालं. तिथे घड्याळं बनतात, हे मान्य. पण त्याच जुरा पट्ट्यात बनलेली घड्याळं सत्तर-ऐंशी वर्षं चालू कुणी ठेवली? कंपनीचं सर्व्हिस सेंटर नव्हतं, सुटे भाग नव्हते, पुस्तक नव्हतं. कमान तुटली तर दुसरीच्या तुकड्यातून बसवली, दांडा मोडला तर लेथवर घडवला. जुरातला कारागीर घड्याळ एकदा बनवतो. आमचा घडीसाज तेच घड्याळ दर पाच वर्षांनी जिवंत करतो. त्याची यादी कुणी केलेली नाही आणि त्याचा मुलगा मोबाईल दुरुस्तीला बसतो. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. चारशे रुपयांवर घासाघीस करणारे आपण आणि शागीर्द मिळत नाही म्हणून हळहळणारेही आपणच.

भाग मिळवणं ही खरी अडचण आहे, आणि नवख्या शौकिनांची इथे फार धावपळ होते. ते ब्रँडच्या नावाने भाग शोधतात. डायलवर कोणत्या कंपनीचं नाव आहे, याने अनेकदा काही फरक पडत नाही. जुन्या स्विस कंपन्यांतल्या पुष्कळशा आपली मशीन स्वतः बनवत नसत. अडॉल्फ शील्ड, फोंतेनमेलों, एटा, युनिटस अशा कारखान्यांकडून कच्चं मशीन घेत आणि त्यावर आपलं नाव टाकत. तेव्हा झाकण उघडा, बॅलन्स चाकाच्या खाली किंवा शेजारी भिंगाने पाहा. तिथे कारखान्याची बारीक खूण आणि मशीनचा नंबर कोरलेला असतो. तो नंबर म्हणजे भाग शोधण्याची खरी किल्ली. त्याच नंबरचं मशीन एखाद्या अनोळखी नावाच्या, शंभर रुपयांच्या घड्याळात बसलेलं असतं. फाव्र-ल्यूबासारखे काही अपवाद आहेत. तिची साठच्या दशकातली पातळ मशीन तिची स्वतःची, त्यात एकाऐवजी दोन कमानींचे डबे, त्यामुळे एकदा चावी दिली की दोन दिवस चालणारी. तिचे भाग तिच्याच भावंडांतून मिळतात. एचएमटीला एचएमटीच देणगी देते, आणि मशीन सिटिझनच्या नमुन्यावर असल्याने कधीकधी जुनं सिटिझनही.

म्हणजे एक घड्याळ वाचवायला दुसरं खोलावं लागतं, हे मला मान्य आहे. मग रंगवणाऱ्यांत आणि आमच्यात फरक काय, असं कुणी विचारेल. विचारावंच. माझा हिशेब असा: ज्याचं डायल पूर्ण गेलं आहे, केस सडली आहे, त्याचं मशीन द्यावं. ज्याचं डायल शाबूत आहे ते घड्याळ देणगीदार नव्हे, रुग्ण आहे, त्याला इतरांनी द्यावं. भागाची अदलाबदल करताना जे काढलं ते कागदात गुंडाळून मालकाला परत द्यावं. रंगवणारा उलट करतो. त्याला शाबूत डायलची गरजच नसते, कारण तो सगळीच घासणार असतो. म्हणून त्याच्या हाती डागी आणि चांगलं दोन्ही सारख्याच भावाने जातात.

यावर एक आक्षेप मी मनापासून ऐकतो. एक बाई अब्बांचं घड्याळ घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, मला ते ते हयात असताना दिसत होतं तसं हवंय, डाग पाहवत नाहीत. त्यांना मी काय सांगणार? घड्याळ त्यांचं, अब्बा त्यांचे. चाचांनी त्यांना एवढंच सुचवलं की काच बदलू, कारण अर्धा मळकटपणा काचेचाच असतो. जुन्या घड्याळाची काच बहुधा ॲक्रिलिकची. तिचे ओरखडे पॉलिशने, अगदी टूथपेस्टनेही निघतात, नाहीतर नवी काच शंभर-दीडशेत बसते. काच बदलल्यावर डायल त्यांना आवडलं. दहातल्या सात जणांचं असंच होतं, असा माझा अंदाज आहे. ज्यांना तरीही रंगवायचंच आहे त्यांनी रंगवावं. फक्त झाकणाच्या आतून तसं लिहून ठेवावं आणि विकताना सांगावं.

एका बाबतीत मात्र 'जुनं ते जुनंच' हा माझा आग्रह मी स्वतःच आवरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून साधारण साठच्या दशकापर्यंतच्या, अंधारात चमकणाऱ्या बऱ्याच डायलांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग आहे. त्याची चमक कधीच विझली, पण रेडियम विझलेलं नाही. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. अमेरिकेत हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी बारीक करत आणि त्यातून त्यांना जीवघेणे आजार झाले. १९२० च्या दशकातलं ते प्रकरण प्रसिद्ध आहे. बंद केसमध्ये असं घड्याळ कपाटात असू द्या, पण हौसेने उघडून तो तपकिरी भुगा नखाने खरवडू नका, फुंकरही मारू नका. रंगवणाऱ्या कारखान्यांतली पोरं तोंडाला फडकं न बांधता हेच डायल घासत असतील तर? हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. रंगवण्याविरुद्धचं माझं हे सगळ्यात जड कारण आहे, आणि त्याचा घड्याळांच्या सौंदर्याशी काही संबंध नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूचा उल्लेख केला, त्याबद्दल थोडं. घडीसाज काम केल्यावर झाकणाच्या आत सुईने बारीक खूण कोरतो: तारीख, स्वतःचं एखादं अक्षर, कधी नुसता नंबर. पुढच्या वेळी घड्याळ परत आलं तर आपण कधी केलं हे कळावं म्हणून. एखाद्या जुन्या वेस्ट एंडच्या झाकणात अशा सहा-सात खुणा एकमेकींच्या शेजारी असतात, इंग्रजी, उर्दू, मराठी, एखादी गुजराती. माझ्याकडच्या एकात १९५८ आहे, १९६३ आहे, आणि उर्दूत नुसतं 'सीन' हे अक्षर. तो सलीम होता की सय्यद की सुलेमान, कळायला मार्ग नाही. बफिंगवाले ही आतली बाजूही घासतात. आत कोण बघतो म्हणून सोडली असती तरी चाललं असतं, पण चाक फिरतंच आहे तर घासून टाकतात.

शेवटी एक मागणी. हे घडीसाज एकेक करून जात आहेत. त्यांच्यामागे घरात राहतात पत्र्याच्या डब्या. गोळ्यांच्या, तपकिरीच्या, बिस्किटांच्या. त्यांत चाळीस-पन्नास वर्षांत जमवलेले दांडे, चावीचे रॉड, काटे, कमानी, काचेच्या नळ्यांतले स्क्रू. घरच्यांना तो कचरा वाटतो आणि भंगारवाला पितळ म्हणून तोलून नेतो. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका दुकानाचं असंच झालं. चाचांना कळलं तेव्हा पेटी रिकामी होती. तुमच्या गावात, मोहल्ल्यात, बाजारात असं एखादं दुकान बंद होत असेल, तर भंगारवाल्याआधी मला किंवा जवळच्या चालू घडीसाजाला कळवा. डब्या उघडू नका, उलट्या करू नका, एकीतलं दुसरीत मिसळू नका. झाकणावर काही लिहिलं असेल, मग ते कोणत्याही लिपीत असो, पुसू नका. मी सुट्टीच्या दिवशी येऊन घेऊन जाईन, रास्त पैसे देईन. आणि त्या डब्यांत वेस्ट एंडच्या सोवार प्रायमाचा बॅलन्सचा दांडा निघाला तर चाचांच्या पेटीत एक घड्याळ त्याच्यासाठी दोन वर्षांपासून थांबलेलं आहे.